टांझानियाचा काजू आणि स्वावलंबनाचा हिशेब

नोव्हेंबर २०१८ मध्ये टांझानियाच्या दक्षिण भागातील म्त्वारा आणि लिंडी या प्रांतांत लष्कराचे ट्रक दाखल झाले. सीमेवर युद्ध नव्हते, बंडाळी नव्हती, पूर किंवा दुष्काळही नव्हता. सैनिकांना जे काम नेमून दिलेले होते ते काजू ताब्यात घेण्याचे. व्यापारी योग्य भाव देत नाहीत म्हणून अध्यक्ष जॉन मागुफुली यांनी हंगामातील सगळा काजू सरकारने किलोमागे ३,३०० शिलिंग या दराने विकत घ्यावा असा हुकूम काढला आणि त्याची अंमलबजावणी लष्करावर सोपवली. कृषिमंत्री आणि व्यापारमंत्री या दोघांना त्याच सुमारास घरी बसावे लागले. परकीय व्यापाऱ्यांपुढे मान न तुकवणारा खंबीर नेता, अशी मागुफुलींची वाहवा झाली. आफ्रिकेबाहेरच्या अनेक वृत्तपत्रांनी ही बातमी गमतीची म्हणून छापली.

गमतीची ती नव्हती. काजूच्या या पोत्यांमागे निदान अर्ध्या शतकाचा इतिहास उभा आहे, आणि तो इतिहास म्हणजे ‘स्वावलंबन’ या शब्दाचे आफ्रिकेत काय झाले याची एक तपशीलवार नोंद आहे. घानाचा कोको किंवा झांबियाचे तांबे घेऊनही ही कथा सांगता येईल. परंतु टांझानियाने स्वावलंबन हे राष्ट्राचे अधिकृत ध्येय म्हणून जितक्या गांभीर्याने स्वीकारले तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या आफ्रिकी देशाने स्वीकारले असेल. शिवाय काजूचा आपल्या किनाऱ्याशी संबंध आहे. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेले हे झाड एकीकडे गोव्यात आणि दुसरीकडे पूर्व आफ्रिकेत रुजले, आणि आफ्रिकेत पिकलेला काजू सोलण्याचे काम पुढे कित्येक दशके भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील कामगार स्त्रियांच्या हातांनी झाले.

आरुशा येथे जानेवारी १९६७ च्या अखेरीस टानू या सत्ताधारी पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीची बैठक झाली. तिचा ठराव ५ फेब्रुवारीला प्रसिद्ध झाला आणि ‘आरुशा घोषणापत्र’ या नावाने तो जगभर वाचला गेला. दुसऱ्याच दिवसापासून बँकांचे राष्ट्रीयीकरण सुरू झाले, आणि सर्वांचे लक्ष साहजिकच तिकडे वेधले. पण घोषणापत्राचा गाभा वेगळा होता. पैसा हे विकासाचे मुख्य साधन मानणे ही चूक आहे, कारण तो देशात नाही. तो बाहेरून आणायचा तर मदत, कर्ज आणि खासगी भांडवल यांच्याबरोबर बाहेरच्यांची इच्छाही देशात शिरते. तेव्हा जमीन, माणसे, चांगले धोरण आणि चांगले नेतृत्व यांवरच उभे राहावे लागेल, असा ज्युलियस न्येरेरे यांचा युक्तिवाद होता. हे गृहस्थ पेशाने शिक्षक होते. ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, याच संबोधनाने त्यांचा देश त्यांना शेवटपर्यंत ओळखत राहिला.

हा युक्तिवाद पुस्तकी नव्हता, नुकत्याच आलेल्या अनुभवातून तो निघाला होता. १९६४ साली टांगानिका आणि झांझिबार यांचे एकीकरण झाले. झांझिबारने पूर्व जर्मनीशी संबंध जोडलेले होते. त्यांचा काही अंश तरी राखण्याचा न्येरेरे यांनी प्रयत्न करताच पश्चिम जर्मनीने आपले लष्करी साहाय्य काढून घेतले. तेव्हा उरलेली मदतही घेऊन जा, असे न्येरेरे यांनी बॉन सरकारला कळवले. डिसेंबर १९६५ मध्ये ऱ्होडेशियातील गोऱ्या बंडखोर सरकारला ब्रिटन आवर घालत नाही म्हणून टांझानियाने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले, आणि ७५ लाख पौंडांच्या ठरत आलेल्या कर्जावर पाणी सोडले. गरीब देशाने मानीपणाची किंमत मोजल्याची अशी उदाहरणे त्या काळात फारशी नाहीत. आरुशा घोषणापत्राकडे पाहताना त्याच्यामागील हे दोन व्यवहार विसरून चालत नाही.

घोषणापत्रातील आणखी एक भाग आज फारसा आठवला जात नाही. पक्षाच्या आणि सरकारच्या वरिष्ठ पदाधिकाऱ्यांनी कंपन्यांचे भाग बाळगू नयेत, संचालकपदे स्वीकारू नयेत, एकाहून अधिक पगार घेऊ नयेत आणि घरे भाड्याने देऊ नयेत, अशी नेत्यांसाठी आचारसंहिता त्यात होती. मंत्र्यांना ती जाचक वाटली, पण ती लागू झाली. न्येरेरे स्वतः साधे राहिले, आणि पंचवीस वर्षांच्या सत्तेनंतरही त्यांच्यावर संपत्ती जमवल्याचा आरोप त्यांच्या विरोधकांनीही कधी गंभीरपणे केला नाही. आफ्रिकेतील अपयशाची सगळी मीमांसा ‘भ्रष्ट नेते’ या दोन शब्दांत उरकणाऱ्यांची येथे पंचाईत होते. नेता स्वच्छ होता, ध्येय स्पष्ट होते, मग बिनसले कोठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना देशाच्या नैर्ऋत्येकडील रुवुमा प्रांताकडे वळावे लागते. तेथे घोषणापत्राच्याही आधीपासून काही तरुण शेतकऱ्यांनी लिटोवा या गावापासून सुरुवात करून स्वेच्छेने सामुदायिक शेती उभारली होती. पाहता पाहता अशा गावांचा संघ बनला. त्यांनी पिठाची गिरणी चालवली, शाळा काढली, आणि शाळेत काय शिकवायचे तेही गावानेच ठरवले. न्येरेरे ज्या ‘उजामा’चे, म्हणजे कुटुंबभावनेवर आधारलेल्या समाजवादाचे, स्वप्न पाहत होते ते वरून कोणी न सांगता येथे आकाराला येत होते. न्येरेरे यांना या प्रयोगाचे कौतुकही होते. परंतु प्रांतातील पक्षाधिकाऱ्यांना तो खुपत होता, कारण ही गावे आपले निर्णय आपण घेत आणि अधिकाऱ्यांना प्रश्न विचारत. सप्टेंबर १९६९ मध्ये पक्षाच्या मध्यवर्ती समितीने हा संघ बेकायदा ठरवला. त्याची मालमत्ता ताब्यात घेण्यात आली आणि ग्रामविकासाचे काम यापुढे केवळ पक्ष करील असे जाहीर झाले. टांझानियाच्या स्वावलंबनाला पहिला मोठा तडाखा वॉशिंग्टनहून किंवा लंडनहून बसला नाही. दार-एस-सलाममधील एका बैठकीत, स्वावलंबनाच्याच नावाने तो दिला गेला.

त्यानंतर जे घडले ते या निर्णयाला धरूनच होते. लोक स्वेच्छेने एकत्र येत नाहीत, किंवा हव्या त्या वेगाने येत नाहीत, असे दिसताच १९७३ च्या अखेरीस न्येरेरे यांनी जाहीर केले की १९७६ पर्यंत सर्व ग्रामीण जनतेने नेमून दिलेल्या गावांत राहायला गेलेच पाहिजे. पाच-सहा वर्षांपूर्वी ‘सक्तीने समाजवाद येत नाही’ असे लिहिणाऱ्या माणसाचाच हा हुकूम. लष्कर आणि पक्षाचे स्वयंसेवक कामाला लागले. काही ठिकाणी जुनी घरे पाडली गेली, काही ठिकाणी जाळली गेली. तीन-चार वर्षांत एक कोटीहून अधिक माणसे नव्या गावांत आली. आफ्रिकेच्या आधुनिक इतिहासात एवढ्या प्रमाणावर माणसांची हलवाहलव क्वचितच झाली असेल. त्यातून शाळा आणि दवाखाने लोकांच्या जवळ आले, हेही खरे. पण माणूस हलवता येतो, झाड हलवता येत नाही.

काजूची कथा येथे सुरू होते. म्त्वारा, लिंडी आणि आसपासच्या मुलखातील शेतकऱ्यांच्या काजूच्या बागा विखुरलेल्या होत्या आणि त्यांची घरे बागांच्या शेजारी होती. नवी गावे रस्त्याच्या कडेला, काही मैल दूर वसली. काजूची बी पिकून झाडाखाली गळून पडते. खालचे रान साफ ठेवले तरच ती सापडते, आणि वेळेवर वेचली तरच चांगली राहते. मालक दूर गेला की झाडाखाली झुडपे माजतात, वणवे लागतात, आणि वेचणीला जाणे परवडेनासे होते. त्यात भुरी रोगाने बागा धरल्या. १९७३-७४ च्या हंगामात देशाने सुमारे १,४५,००० टन काजू पिकवला होता. १९८६-८७ मध्ये हे उत्पादन जेमतेम १७,००० टनांच्या आसपास आले. तेरा वर्षांत आठ हिश्शांचा एक हिस्सा उरला. बाजार कोसळून किंवा अवर्षणाने एखादे वर्ष वाया जाते, परंतु बहुवार्षिक फळझाडाच्या उत्पादनाची अशी घसरण व्हायला कारभारच कारण व्हावा लागतो.

रोग आणि स्थलांतर यांच्या जोडीला दरही होते. १९७६ मध्ये सरकारने शेतकऱ्यांच्या सहकारी संघांची संस्था मोडून काढली. या संघांत गैरव्यवहार नव्हते असे नाही, सहकाराची ओळख असलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला त्याचे नवल वाटणार नाही. परंतु वाईट कारभाराच्या सहकारी संस्थेतही सभासदाला निदान सभेत उभे राहून ओरडता येते. त्यांच्या जागी आलेल्या पीकनिहाय सरकारी महामंडळांत तीही सोय नव्हती. महामंडळाचा खर्च आधी, शेतकऱ्याचा भाव नंतर, असा हिशेब सुरू झाला आणि निर्यातीच्या किमतीतील शेतकऱ्याचा वाटा घटत गेला. तेव्हा त्याने जे करायला हवे तेच केले. काजूकडे पाठ फिरवून तो पोटापुरता कसावा आणि ज्वारी पिकवू लागला. त्याच्या पातळीवर स्वावलंबन साधले होते म्हणायचे.

याच वर्षांत सरकार काजू सोलण्याचे कारखाने उभारत होते. कल्पनेत दोष काढता येत नाही. स्वातंत्र्यापूर्वीपासून टांझानियाचा जवळजवळ सगळा काजू कच्चा, कवचासकट, भारतात जाई. केरळात कोल्लमला आणि काही अंशी किनाऱ्यावरील इतर ठिकाणी तो भाजला, फोडला, सोलला जाई आणि तेथून अमेरिकेला रवाना होई. कच्चा माल आफ्रिकेचा, मजुरी भारताची आणि ग्राहक पश्चिमेचा, या त्रिकोणात आपला वाटा सर्वांत लहान का असावा, हा दार-एस-सलामचा सवाल रास्त होता. जागतिक बँकेचे कर्ज, इटालियन आणि जपानी यंत्रे यांच्या बळावर सुमारे डझनभर कारखाने उभे राहिले. यंत्रे महाग होती, सुटे भाग परकीय चलनात घ्यावे लागत, आणि यंत्राने फोडलेल्या काजूत तुकड्याचे प्रमाण हाताने सोललेल्यापेक्षा जास्त निघे. अखंड गर आणि तुकडा यांच्या भावात किती अंतर असते हे वेंगुर्ल्याच्या किंवा चंदगडच्या कोणत्याही कारखानदाराला विचारावे. कवचातील दाहक तेलाने हात पोळून घेत दिवसभर बसणाऱ्या मजूर बाईशी स्पर्धा करणे इटालियन यंत्राला जमले नाही. आणि कारखाने पुरे होईपर्यंत त्यांत घालायला काजूच उरला नव्हता.

स्वावलंबनासाठी घेतलेले परकीय कर्ज, परकीय यंत्रे, आणि ती चालवायला लागणारे परकीय चलन, ही विसंगती काजूपुरती नव्हती. आरुशा घोषणेनंतरच्या दशकात टांझानियाला मिळणारी परकीय मदत घटण्याऐवजी वाढली. न्येरेरे यांच्या नैतिक अधिकाराचा पश्चिमेत, विशेषतः स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या देशांत, एवढा दबदबा होता की हे सर्व देश मदतीसाठी पुढे सरसावले. जागतिक बँकही मागे नव्हती. मदतीच्या पैशाने नवे रस्ते, नवे कारखाने होत आणि जुन्यांची डागडुजी करायला पैसा नसे, कारण देणाऱ्याला कोनशिलेत रस असतो, डागडुजीत नसतो. याला अपवाद म्हणावा असा प्रकल्प चीनचा. झांबियाचे तांबे गोऱ्यांच्या ताब्यातील प्रदेश टाळून समुद्रापर्यंत आणता यावे म्हणून दार-एस-सलाम ते कापिरी म्पोशी असा सुमारे १,८६० किलोमीटरचा लोहमार्ग हवा होता. पश्चिमेच्या वित्तसंस्थांनी तो परवडणार नाही म्हणून नाकारला. चीनने बिनव्याजी कर्ज दिले, हजारो कामगार पाठवले, आणि १९७० ते १९७५ या काळात तो पुरा करून दाखवला. तोही पुढे देखभालीअभावी खिळखिळा झाला, आणि २०२४ मध्ये त्याच्या पुनरुज्जीवनाचा करार करायला टांझानिया व झांबियाचे नेते पुन्हा बीजिंगलाच गेले.

अर्थात सगळा दोष कारभारावर ढकलणे हा अन्याय होईल, आणि नाणेनिधीच्या अहवालांनी तो पुरेसा केलेला आहे. टांझानियाचे दुसरे मोठे पीक घायपात. स्वातंत्र्याच्या वेळी जगात सर्वाधिक घायपात तेथे होत असे. कृत्रिम धाग्याने दोरखंडाचा बाजार बळकावला आणि घायपाताचे भाव गडगडले. एक ट्रॅक्टर घ्यायला दहा वर्षांपूर्वी जेवढा घायपात विकावा लागे त्याच्या कित्येक पट आता विकावा लागतो, हे न्येरेरे यांचे गाऱ्हाणे म्हणजे व्यापारशर्तींच्या सिद्धान्ताचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण होते, आणि ते बिनतोड होते. १९७३ आणि १९७९ या दोन्ही तेलसंकटांचा फटका बसला. १९७७ मध्ये केनिया व युगांडा यांच्याबरोबरचा पूर्व आफ्रिकी संघ मोडला आणि रेल्वे, विमान, टपाल या सेवा नव्याने उभाराव्या लागल्या. १९७८ च्या ऑक्टोबरात इदी अमीनच्या सैन्याने कागेरा प्रदेशात घुसखोरी केली. त्याला हुसकावून कंपालापर्यंत जाण्यात टांझानियाचे सुमारे ५० कोटी डॉलर खर्च झाले, आणि अमीनच्या छळातून युगांडाची सुटका करणाऱ्या या देशाला त्यातली भरपाई जवळजवळ कोणी दिली नाही.

तिजोरी रिकामी झाल्यावर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात जाणे आले. शिलिंगचे अवमूल्यन, सरकारी खर्चात कपात, आयातीवरील बंधने उठवणे या निधीच्या नेहमीच्या अटी. त्या स्वीकाराव्यात असे मत असलेल्या अर्थमंत्री एडविन म्तेई यांनी १९७९ मध्ये राजीनामा दिला, आणि निधीच्या पथकाला परत पाठवण्यात आले. १९८० च्या नववर्षदिनाला परदेशी वकिलांपुढे बोलताना न्येरेरे यांनी नाणेनिधी हे साऱ्या जगाचे अर्थखाते केव्हापासून झाले, असा खडा सवाल केला. तो सवाल आजही अनुत्तरित आहे. मात्र तो विचारल्यानंतरची सहा वर्षे टांझानियातील सामान्य माणसाने साबण, मीठ, साखर, कापड यांच्या रांगांत काढली. नोव्हेंबर १९८५ मध्ये न्येरेरे स्वतःहून अध्यक्षपदावरून उतरले. त्या काळच्या आफ्रिकेत हेही थोडके नव्हे. पुढच्याच वर्षी त्यांचे उत्तराधिकारी अली हसन म्विन्यी यांनी निधीशी करार केला. निवृत्त न्येरेरे विकसनशील देशांच्या ‘दक्षिण आयोगा’चे अध्यक्ष झाले, आणि त्या आयोगाचे सरचिटणीस होते डॉ. मनमोहन सिंग. १९९० मध्ये आयोगाचे काम आटोपून परतलेल्या डॉ. सिंग यांनी पुढच्याच वर्षी अर्थमंत्री म्हणून दिल्लीत काय केले, आणि तेही कोणाच्या दारात उभे राहून, हे येथे सांगण्याची गरज नाही.

न्येरेरे यांच्या कारकिर्दीचा ताळेबंद मांडताना केवळ टनांचे आणि शिलिंगचे आकडे पाहणाऱ्याच्या हातून एक रकाना सुटतो. सव्वाशेच्या आसपास जमातींचा हा देश. शेजारच्या बुरुंडी, रवांडा, युगांडा, काँगो या देशांत जमातींच्या वैरातून रक्ताचे पाट वाहिले. टांझानियात तसे घडले नाही. याचे श्रेय बरेचसे स्वाहिली भाषेला आणि ती घरोघर पोचवणाऱ्या शाळांना जाते. १९६७ साली तीन प्रौढांपैकी जेमतेम एक साक्षर होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सरकारी चाचण्यांनुसार साक्षरता नव्वद टक्क्यांच्या घरात गेली. आकडा फुगवलेला धरला तरी प्रगती खोटी ठरत नाही. राज्यकारभाराच्या व्यापातून वेळ काढून न्येरेरे यांनी शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’चे आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चे स्वाहिलीत भाषांतर केले. या भाषेत उच्च विचार व्यक्त होऊ शकतो हे त्यांना दाखवायचे होते. तरीदेखील माध्यमिक शाळांचे माध्यम इंग्रजीच राहिले. ते बदलून स्वाहिली करावे ही १९८२ मधील शासकीय आयोगाची शिफारस सरकारने फेटाळली. आपल्याकडील मराठी माध्यमाच्या वादात ज्यांनी आयुष्य घालवले त्या शिक्षकांना या दोन गोष्टी एकाच सरकारच्या हातून झाल्या याचे आश्चर्य वाटू नये.

१९८६ नंतरचा काळ खुल्या बाजाराचा. शाळांना शुल्क आले आणि पट घसरला. २००१ मध्ये प्राथमिक शुल्क रद्द करताच लाखो मुले पुन्हा वर्गांत आली. यावरून शुल्काने काय साधले होते ते कळते. काजूला मात्र खुल्या बाजाराचा फायदा झाला, हे मान्य करायला हवे. भाव सुधारले, भुरीवर गंधकाची फवारणी सुरू झाली, सोडून दिलेल्या बागा लोकांनी पुन्हा साफ केल्या. उत्पादन हळूहळू सत्तरच्या दशकातील पातळी ओलांडून गेले आणि २०१७-१८ मध्ये ३ लाख टनांवर पोचले. पण काजू पुन्हा कच्चाच निघाला, पूर्वी भारताकडे, आता भारत आणि व्हिएतनाम या दोघांकडे. शेजारच्या मोझांबिकमध्ये याच काळात जागतिक बँकेने कच्च्या काजूवरील निर्यातकर उतरवण्याची अट घातली, आणि देशातील बहुतेक कारखाने बंद पडून हजारो कामगार, त्यांत निम्म्याहून कमी नसलेल्या स्त्रिया, रस्त्यावर आले. शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल असे बँकेचे म्हणणे होते. मार्गारेट मॅकमिलन, दानी रॉड्रिक आणि कॅरेन वेल्च या अर्थतज्ज्ञांनी पुढे हिशेब केला तेव्हा काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाचा फायदा वर्षाला साडेपाच डॉलरसुद्धा भरला नाही. कच्चा माल घेणारे बहुतेक व्यापारी भारतीय होते, आणि हे आपण सोयीस्करपणे विसरतो. ‘परकीय हितसंबंध’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गोरी माणसे येतात. मापुतोच्या बेकार काजूकामगाराच्या डोळ्यांसमोर कोण येत असेल? गंमत अशी की आफ्रिकेतील कच्च्या काजूच्या आयातीमुळे आमचा भाव पडतो, हे कोकणातील बागायतदाराचेही गाऱ्हाणे आहे. हिंदी महासागराच्या दोन्ही किनाऱ्यांवरचे शेतकरी एकाच पोत्याविरुद्ध तक्रार करीत आहेत.

आता पुन्हा २०१८ कडे. मागुफुली २०१५ मध्ये निवडून आले तेच मुळी न्येरेरे यांच्या सचोटीची आठवण जागवीत. सोन्याच्या खाणींत परकीय कंपन्या निर्यात कमी दाखवून कर चुकवतात, या आरोपावरून त्यांनी २०१७ मध्ये अकासिया या कंपनीकडे तब्बल १९० अब्ज डॉलरची मागणी लावली. देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या कित्येक पट असलेला हा आकडा हास्यास्पद होता. पण अखेरीस त्या कंपनीच्या मूळ मालकाने ३० कोटी डॉलर आणि खाणींत १६ टक्के सरकारी भागीदारी देऊन तडजोड केली. एवढे तरी आधीच्या कोणत्या सरकारने मिळवले होते, असा त्यांच्या चाहत्यांचा प्रश्न असे, आणि तो अगदीच गैर नव्हता.

काजूचे प्रकरण मात्र मुळातून पाहावे लागते. लष्कर येण्यापूर्वी, ऑक्टोबरमध्ये, काजूचे लिलाव सुरू झाले होते. आदल्या हंगामात किलोला ४,००० शिलिंगच्या आसपास गेलेला भाव यंदा तीन हजारांच्याही खाली आला, तेव्हा शेतकऱ्यांनी सहकारी संघांच्या लिलावात तो स्वच्छ नाकारला. कोणी पुढारी न सांगता, कर्ज डोक्यावर असताना, मालाला धरून बसण्याचा हा निर्णय त्यांनी स्वतः घेतला. आरुशा घोषणापत्रातील स्वावलंबन प्रत्यक्षात कसे दिसेल असे कोणी विचारले असते तर या लिलावाकडे बोट दाखवता आले असते. त्यानंतर सरकार आले. माल लष्कराच्या ताब्यात गेला आणि कालपर्यंत ‘विकणार नाही’ म्हणू शकणारा शेतकरी पैशाची वाट पाहणारा अर्जदार झाला. दीड हजार किलोहून अधिक काजू आणणाऱ्याची बाग खरोखर आहे काय, याची पडताळणी सुरू झाली. हेतू असा की गरजू शेतकऱ्याला हंगामापूर्वी उचल देऊन स्वस्तात माल उचलणारे दलाल वगळावेत. दलाल तर वगळले गेले नाहीतच, पण पैसे महिनोन्‌महिने अडकले. केनियातील एका कंपनीशी एक लाख टनांचा करार गाजावाजा करून झाला आणि मोडला. २०१९ मधला कितीतरी काळ माल गोदामांत पडून राहिला, आणि जुना काजू पुढे मिळेल त्या भावाने विकावा लागला.

या व्यवहारात किती नुकसान झाले हे विचारायची सोयही नव्हती. सरकारी आकडेवारीला आव्हान देणे हाच गुन्हा ठरवणारी दुरुस्ती सप्टेंबर २०१८ मध्ये झालेली होती. पुढच्या वर्षी ती सौम्य करावी लागली ती जागतिक बँकेने नापसंती दाखवली म्हणून. टांझानियाच्या नागरिकाला आपल्याच सरकारचे आकडे तपासण्याची मुभा वॉशिंग्टनच्या दडपणामुळे मिळावी, यात स्वावलंबनाचा विजय कोणाचा आणि पराभव कोणाचा?

मार्च २०२१ मध्ये मागुफुली वारले आणि सामिया सुलुहू हसन अध्यक्ष झाल्या. परकीय गुंतवणुकीशी त्यांनी जुळवून घेतले. २०२३ मध्ये दार-एस-सलाम बंदराचा काही भाग दुबईच्या कंपनीला तीस वर्षांसाठी चालवायला दिला, आणि या करारावर टीका करणाऱ्या काहींना अटक झाली. १९६९ मध्ये रुवुमाची गावे मोडणारा समाजवादी पक्ष आणि २०२३ मध्ये बंदर देणारा बाजारवादी पक्ष यांचे धोरण उलटसुलट झाले असले तरी पक्ष तोच आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहण्याची नजरही तीच आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये प्रमुख विरोधी नेत्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि त्यांचा पक्ष निवडणुकीतून बाद ठरवला गेला. २९ ऑक्टोबरच्या मतदानात विद्यमान अध्यक्षांना सुमारे ९८ टक्के मते पडल्याचे जाहीर झाले. त्या दिवशी रस्त्यावर उतरलेल्या तरुणांवर गोळ्या चालल्या, संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झाले. मृतांच्या आकड्यावरून वाद उभा राहिला.

त्याच २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परकीय मदत एकाएकी आवरती घेतली. आफ्रिकेतील अनेक देशांत एड्सच्या रुग्णांची औषधे त्या पैशावर चालत होती, टांझानियाही त्यांपैकीच. मदत देणाऱ्याची मर्जी फिरली की काय होते हे न्येरेरे यांनी १९६५ मध्ये ओळखले होते. फरक इतकाच की त्या वेळी नाही म्हणणारा देश होता आणि या वेळी देणारा. औषधांचा खर्च अर्थसंकल्पात बसवायचा तर कर वाढवावे लागतील, आणि कर देणारा हिशेब मागू लागतो. परकीय मदतीचे सरकारांना असलेले आकर्षण निम्मे तरी या हिशेबातून सुटका होते म्हणूनच असते, हे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सहसा छापलेले नसते.

म्त्वारातील शेतकरी अजून काजू वेचतो आहे. प्रत्येक नवे सरकार सगळा काजू देशातच सोलण्याची घोषणा करते, आणि बहुतेक माल कच्चाच जहाजावर चढतो. सत्तरच्या दशकात कर्ज काढून बांधलेले ते कारखाने पुढे खासगी मालकांना विकले गेले. त्यांपैकी कित्येकांचा उपयोग गोदाम म्हणून होऊ लागला, आणि सोलण्यासाठी उभारलेल्या त्या इमारतींत न सोललेला काजू जहाजाची वाट पाहत थप्प्यांनी रचून ठेवलेला असे.